लाईन आली

पौषातली रात्र. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ नक्की आठवते, कारण मी जागाच होतो, गोधडीत डोकं घालून फोन बघत. सलग सात नाईट करून घरी आलेल्या माणसाला पहिल्या रात्री झोप येत नाही. अंगाला वाटतं, आता डबा उघडायची वेळ झाली. तेवढ्यात सपरीत रबर घासल्यासारखा कचकच आवाज आला, मग साखळीचा. बाहेर येऊन पाहतो तर बाबा. डोक्याला मफलर, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि पायात गमबूट, डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात. "कुठं निघाले बाबा?" "वावरात. लाईन येईन ना गा आता." मी म्हटलं, वावर मक्त्यानं देऊन चार वर्षं झाली, कुठची लाईन न् काय. ते म्हणाले, "मक्त्यानं दिलं म्हून काय झालं? हरभऱ्याले पानी कोन देईन?" माझा आवाज चढला. दिवाळीत नाल्याकाठी वाघ बसला होता, हेही मी सांगितलं, आणि कोपराला धरून त्यांना मागे ओढलं. स्वेटरच्या बाहीत नुसतं हाड होतं. आम्ही दोघं असे अंगणात झोंबत असताना भिंतीपलीकडे, नाल्याच्या पार, आमच्या विहिरीवरच्या खांबाला टांगलेला बल्ब पेटला.

"पाह्य," बाबा म्हणाले. "आली."

मग ते गुमान बाजेवर जाऊन पडले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. मी मात्र अंगणात उभा, अनवाणी, फरशीचा गारठा पोटरीपर्यंत चढलेला. ज्या माणसाला मी आता वेळेचं भान राहिलं नाही म्हणून ओढत होतो, तो दहा मिनिटं आधी उठला होता. बूट चढवून विहिरीवर पोचायला जेवढी लागायची तेवढी दहा मिनिटं.

सकाळी धाकट्या भावाला सांगितलं तर तो चहा फुंकत म्हणाला, बोलाफुलाला गाठ. एक आठवडा दिवसाची लाईन, एक आठवडा रात्रीची. म्हणजे दोनात एकदा बुढा बरोबरच निघणार. हिशेब चोख होता. दिवसाच्या लाईनच्या आठवड्यातही बाबा उठतात, एकदा तर पार नाल्याच्या पुलापर्यंत गेले होते आणि धाकट्यानं मोटरसायकलवर बसवून आणलं होतं. माझा पगार महिन्याला येतो. रात्री कवाडाला कुलूप घालायचं काम तो करतो. त्यामुळे मी वाद घातला नाही. पण ते मनातून गेलं नाही.

कित्येक वर्षं आमच्याकडे शेतीच्या लाईनचा एकच नेम होता: दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा. रात्रीचा आठवडा लागला की घराचं घड्याळच वेगळं चालायचं. दिवेलागणीच्या आत भाकर, आठाला बाबा बाजेवर, आणि साडेबाराच्या आधी आपोआप उठलेले. गजराचं घड्याळ घरात होतं, पण ते माझ्या परीक्षेसाठी. ते आधी आभाळाकडे बघायचे. पौषात तिकांडं, म्हणजे मृगाचे ते ओळीतले तीन तारे, माथ्यावरून कललं की समजायचं. मग दांडातून पाणी, फावड्यानं बारं मोडायचं, दुसरं धरायचं, चिखल असा थंड की पाय आपला आहे की दुसऱ्याचा हे बघावं लागे. पुढे स्प्रिंकलर आले तरी पाईप बदलायला माणूस लागतोच. आई मागे जागी राहायची. ती झोपत नाही हे मला खूप उशिरा कळलं. मागच्या दारात, घोंगडी पांघरून, ती वावरातल्या बॅटरीकडे बघत बसायची. उजेड हलतोय म्हणजे माणूस ठीक आहे. थोडा वेळ उजेड एकाच जागी राहिला की तिचा हात कडीवर जायचा. मग उजेड पुन्हा सरकायचा आणि ती पुन्हा बसायची.

आणि मी काय करतो? मी कोळशावरच्या वीजकेंद्रात ऑपरेटर आहे. आयटीआय झालो, अप्रेंटिस म्हणून चिकटलो, डेस्कवर बसून अठ्ठावीस वर्षं झाली. रात्री अकरानंतर शहरं झोपतात, लोड म्हणजे विजेची मागणी पडते, सेट, म्हणजे वीज बनवणारी यंत्रं, खाली आणावे लागतात. कोळशाच्या सेटला रात्री खाली आणून पहाटे परत वर चढवणं मानवत नाही. शेतीचे फीडर, म्हणजे वावरांना वीज नेणाऱ्या तारा, रात्रीला ढकलण्यामागे हेही एक गणित आहे. म्हणजे हिंगणघाटापासून वरोऱ्यापर्यंत हजारो बाप साडेबाराला गमबूट चढवतात, कारण नागपूर-पुण्यानं पंखे बंद केलेले असतात. विजेवर कुणाचं नाव नसतं, ती कोणत्या सेटची कुठं गेली हे कुणीच सांगू शकत नाही. तरीही नाईटला बारा-साडेबाराच्या दरम्यान स्क्रीनवर लोड किंचित वर सरकताना दिसलं की मला आमचा तो बल्ब आठवायचा.

नाईटला वाचायला वेळ मिळतो. मिळू नये, पण मिळतो. त्यात एकदा उंदरांचा एक प्रयोग वाचनात आला आणि मी उठून तोंडावर पाणी मारलं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात जीन ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली केलेला. म्हातारे उंदीर घेतले. काहींच्या खोलीतला दिवस-रात्रीचा उजेड दर आठवड्याला सहा तास अलीकडे ओढला, काहींचा सहा तास पलीकडे ढकलला, काहींचा तसाच ठेवला. आठ आठवडे. खाणं तेच, पिंजरा तोच. ज्यांना कुणी हात लावला नव्हता त्यांतले ८३ टक्के जगले. पलीकडे ढकललेल्यांतले ६८. अलीकडे ओढलेल्यांतले ४७. तरण्या उंदरांना असल्या ओढाताणीचं फारसं काही झालं नव्हतं. आमच्या पाळ्या नाईट, सेकंड, फर्स्ट अशा उलट्या फिरतात, म्हणजे दर आठवड्याला अलीकडेच ओढतात. मी हे शिफ्ट इन्चार्जला सांगितलं. तो म्हणाला, "तू उंदीर आहेस का?" मी म्हटलं, म्हातारा तर होतोय. तो हसला. मीही हसलो. माझा डबा रात्री दोनला उघडतो, त्या दिवशीही उघडला. वांग्याची भाजी गार झाली होती.

खाण्यावरूनही असाच एक प्रयोग आहे. अमेरिकेतच डॅलसमध्ये जोसेफ ताकाहाशी नावाचे शास्त्रज्ञ आहेत, उंदरांमधलं, शरीराचं घड्याळ चालवणारं 'क्लॉक' जनुक त्यांच्याच प्रयोगशाळेनं शोधलेलं. २०२२ साली त्यांच्या गटानं दाखवलं की उंदरांना ३० टक्के कमी खायला दिलं तर ते जास्त जगतात, पण तेच खाणं चोवीस तास थोडं थोडं दिलं तर आयुष्य १० टक्क्यांनी वाढतं आणि फक्त त्यांच्या जागेपणाच्या वेळात दिलं तर ३५ टक्क्यांनी. उंदराचा जागेपणा रात्रीचा, आपला दिवसाचा, एवढा फरक धरून घ्यायचा. हे वाचताना दिवेलागणीच्या आत ताट वाढणारी आई डोळ्यांसमोर आली. अर्थात तिला आयुष्य वाढवायचं नव्हतं. रॉकेल वाचवायचं होतं.

हे शरीरातलं घड्याळ कसं सापडलं त्याची गोष्ट फार जुनी आहे. १७२९ साली द मेराँ नावाच्या फ्रेंच माणसानं लाजाळूसारखं एक झाड कपाटात अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं सकाळी उघडत आणि संध्याकाळी मिटत. आमच्याकडे तरोट्याची पानं तशीच मिटतात. पावसाळ्यात आई सांजेनंतर तरोटा खुडू द्यायची नाही. म्हणायची, झोपलं ना ते. माणसात हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, काही हजार पेशींच्या पुंजक्यात असतं, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. माशीत त्याचं जनुक १९७१ साली सापडलं, २०१७ साली त्यावर पुढचं काम करणाऱ्या तिघांना नोबेल मिळालं. ते राहू द्या. माझं लक्ष अडकलं ते निराळ्या आकड्यावर. हार्वर्डच्या चार्ल्स झाइसलर यांनी १९९९ साली तरणी आणि म्हातारी माणसं बाहेरच्या वेळेपासून तोडून प्रयोगशाळेत ठेवली आणि त्यांच्या आतल्या घड्याळाचा फेरा मोजला. सरासरी २४ तास ११ मिनिटं. तरण्यांचा तेवढाच, म्हाताऱ्यांचाही तेवढाच. आपण आजवर समजत होतो की वयाबरोबर घड्याळ पुढे पळतं, म्हणून म्हातारी माणसं लवकर निजतात न् लवकर उठतात. तसं नाही. गती तीच राहते. म्हाताऱ्या उंदरांच्या त्या पुंजक्यात वीज मोजली तर दिवसाची उसळी आणि रात्रीची उतरण यांतलं अंतर कमी झालेलं दिसतं.

माझ्या भाषेत सांगायचं तर फ्रिक्वेन्सी पन्नासच आहे, व्होल्टेज पडलंय. लो-व्होल्टेजला विहिरीवरची मोटर कशी करते ते वावरवाल्याला सांगायला नको. ती गुणगुणते. फिरायला बघते. पाणी मात्र वर येत नाही.

बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं, तेव्हा आई होती. पट्टी काढल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी घरात भांडण. धोतर हातात धरून बाबा म्हणत होते, "किती नीळ टाकली वं! निळंशार करून ठेवलं." आईनं बालदी आपटली. चाळीस वर्षं मी चिमटीनं नीळ टाकते, आजच जास्त कशी होईन? मग ते आभाळालाही तसंच म्हणाले, दुधालाही. शेवटी आई म्हणाली, "धोतरात नाई, तुमच्या डोयात नीळ गेली." आणि शब्दश: खरं होतं ते. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवत जातं. ते इतकं हळूहळू होतं की माणसाला कळतच नाही. पिकलेलं भिंग काढून नवं बसवलं की वर्षानुवर्षं अडलेला निळा एकदम आत येतो. यातली मेख अशी, की डोळ्याच्या पडद्यात काही पेशी बघण्यासाठी नसतातच मुळी. दिवस आहे की रात्र एवढंच त्या मेंदूतल्या त्या पुंजक्याला कळवतात, आणि त्यांना सगळ्यात जास्त निळाच उजेड समजतो. म्हणजे त्या पाच-दहा वर्षांत बाबांच्या धोतराला नीळ कमी पडत होती, आणि त्यांच्या दिवसालाही.

ऑपरेशननंतर काही महिने ते रात्री सलग झोपले. डोळ्यामुळे असेल, किंवा आईमुळे. ते वेगळं करता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. उजवा डोळा अजून पिकलेला आहे, त्याचं ऑपरेशन त्यांनी करू दिलं नाही. आता धोतरं मशीनमध्ये धुतली जातात, नीळ कुणी घालत नाही.

आई गेल्यावर घरातले किती आवाज गेले हे मोजायला मला दोन वर्षं लागली. पहाटे खराट्याचा, सड्याच्या पाण्याचा, धारेचा चरवीत पडणारा, चुलीत तुराट्या मोडल्याचा. ढोरं धाकट्यानं विकली, त्याचंही काही चुकलं नाही; त्याचं दुकान आहे, त्याच्या बायकोची अंगणवाडी. गॅस कट्‌ म्हणून पेटतो. बाबांची बाज माजघरात असते, तिथं दुपारीही ट्यूब लावावी लागते. दिवसभर ते त्या करड्या उजेडात पडून डुलक्या घेतात आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही अकरापर्यंत चालतो. कुणी वाईट वागत नाही. त्यांना ऊन लागू नये, पडू नयेत म्हणून आत ठेवलंय.

मदुराईच्या कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन नावाचे शास्त्रज्ञ होते. आपल्या देशात शरीरातल्या घड्याळाच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. त्यांच्याकडे महागडी यंत्रं नव्हती, पण मदुराईच्या आसपास डोंगरांत गुहा होत्या आणि गुहांत वटवाघळं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि जी. मारिमुथू यांनी एक वटवाघूळ गुहेत खोल, जिथं उजेडाचा थेंब पोचत नाही तिथं पिंजऱ्यात ठेवलं. तरी ते रोज संध्याकाळच्या ठोक्याला फडफडायचं. सूर्य त्याला दिसत नव्हता. पण गुहेतली बाकीची वटवाघळं सांजेला बाहेर पडत आणि पहाटे परत येत, त्यांचा कालवा त्याला कळत होता. मग तसंच एक वटवाघूळ रिकाम्या गुहेत ठेवलं, जिथं दुसरं कुणीच राहत नव्हतं. त्याचं घड्याळ चालूच राहिलं, पण रोज थोडं थोडं सरकत बाहेरच्या दिवसापासून सुटत गेलं.

हे मी कंट्रोल रूममध्ये वाचलं, पहाटे चारच्या सुमारास, आणि बराच वेळ समोरच्या पॅनेलकडे बघत राहिलो. नवा सेट ग्रिडला, म्हणजे सगळ्या वीजकेंद्रांच्या सामाईक जाळ्याला, जोडताना आधी तो नुसता फिरवतात. मग सिंक्रोस्कोप नावाच्या गोल तबकडीवरचा काटा हळूहळू फिरत बारावर येतो, तेव्हा ब्रेकर मारायचा. एकदा जोडला की शेकडो सेट एकाच ठेक्यात फिरतात, कुणी कुणाला सोडत नाही. सुटलेला सेट मात्र स्वत:च्या गतीनं फिरतो. त्यात बिघाड काहीच नसतो.

मी त्या गुहेतून बाहेर पडलेल्यांपैकीच आहे, आणि पहाटे परत न येणाऱ्यांपैकी.

एवढं कळून केलं काय, तर बाज हलवली. मागच्या सुट्टीत मी आणि धाकट्यानं ती उचलून सपरीत, पूर्वेला तोंड करून टाकली. नेदरलँड्समध्ये म्हाताऱ्या माणसांच्या बारा निवासांत असा प्रयोग झाला होता, २००८ साली छापला गेला. काही ठिकाणी दिवसभर बसायच्या खोलीतला उजेड तिपटीनं वाढवला, ३०० लक्सच्या जागी १००० लक्स. स्मृती-समज घसरायची ती थोडी हळू घसरली, पाचेक टक्क्यांनी. धाकटा म्हणाला, पाचच? मी म्हटलं, आमच्या प्लांटमध्ये कोळशावर पाच टक्के वाचले तर पेढे वाटतील. आणि आमच्या सपरीत पौषाचं ऊन दहा हजार लक्सच्या वर जातं, फुकट. बाबा पहिल्या दिवशी चिडले, सारं गाव पाहते म्हणाले. दुसऱ्या दिवशी समोरचा बुढा येऊन बाजेच्या कडेवर बसला. तुरीच्या शेंगा भाजल्या. रस्त्यानं बंडी गेली, तर तिचा कोणता बैल लंगडतो यावर दोघांचं वाजलं. दुपारी झोपले नाहीत. रात्री उठले ते उठलेच.

माघात पुन्हा घरी गेलो. पुन्हा नाईट उतरवून, पुन्हा जागा. या वेळी रबराचा आवाज आला तेव्हा मी कुलपाची किल्ली घेऊन बाहेर आलो, बाबांचे गमबूट काढून नीट पायांत घातले आणि कवाड उघडून दोघं बाहेरच्या ओट्यावर बसलो. त्यापुढे जायचं नाही एवढं मी सांगितलं, वाघाचं नाव काढून. त्यांनी मान हलवली. बॅटरी माझ्याकडे दिली. तो दिवसाच्या लाईनचा आठवडा होता, मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. तिकांडं मावळतीकडे कललं होतं. नाल्यापलीकडे हरभऱ्याचा आंबूस वास दवात मिसळला होता, कुठं तरी रानडुकरांना हाकायला डबा बडवत होते, मग तोही थांबला. विहिरीचा खांब अंधारात दिसतही नव्हता, पण आम्ही दोघं तिकडेच बघत होतो. बारा चाळीस झाले. पाऊण.

"आज नाई येत वाटते," बाबा म्हणाले.

"नाही येत वाटतं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग माझ्याकडे वळून, अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "तुयी पाळी कोन्ती हाये गा?"

"नाईट होती. झाली."

"मंग झोप ना. जागून कायले ऱ्हायला?"

काठी टेकत ते आत गेले. मी मागून कुलूप घातलं. बाजेजवळ गेलो तर गमबूट काढून त्यांनी खाली ठेवले होते, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, टाचा बाजेकडे, तोंडं कवाडाकडे.

मी बॅटरी उशाशी ठेवली आणि पुन्हा ओट्यावर येऊन बसलो.